ओळखलंत का मला?

सुरतेच्या त्या इस्पितळात भावोजींना आयसीयूतून साध्या खोलीत आणलं, त्याच दिवशी मी मडगावहून गाडीनं पोचलो होतो. खोलीत आधीच सात-आठ माणसं. प्रत्येकजण पलंगापाशी जाई, वाके आणि एकच प्रश्न विचारी, "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" भावोजी त्या माणसाकडे बघत, ओठ जुळवायची धडपड करत आणि म्हणत, "छत्री." शेजारचे काका छत्री, मुलगा छत्री, सून छत्री, पाण्याचा ग्लास छत्री, इंजेक्शन घेऊन आलेली नर्ससुद्धा छत्री. माझी पाळी आली. काही वेगळं बोलावं एवढं भान मला कुठलं असायला! मीही वाकलो आणि म्हटलं, "भावोजी, ओळखलंत का मला?" त्यांनी माझा हात डाव्या हातानं घट्ट धरला, डोळे भरून आले, आणि म्हणाले, "छत्री."

ताईनं मला बाहेर नेलं आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तुलासुद्धा ओळखलं नाही रे त्यांनी."

हात घट्ट धरला होता, डोळे भरले होते, तरी आम्ही दोघांनी निकाल देऊन टाकला. या निकालाविषयी आज लिहायचं आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत तो रोज दिला जातो आणि ज्याच्याविरुद्ध दिला जातो त्याला अपील करायलाही शब्द नसतात.

थोडं मागचं सांगतो. भावोजी आमच्या फोंडा महालातले. ऐंशीच्या दशकात हजिऱ्याला कारखाने उभे राहू लागले तेव्हा इंजिनियर म्हणून गेले आणि अडाजणला घर करून तिथलेच झाले. निवृत्त झाल्यावर सकाळी स्कूटर काढून भाजी-मासळी आणणं हा त्यांचा नेम. 2022 च्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली, डोक्याची डावी बाजू दुभाजकावर आपटली. हेल्मेट होतं. डिकीत. (2025 च्या फेब्रुवारीपासून सुरतेच्या पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा वर्तमानपत्रांत लोकांच्या तक्रारी वाचून मला त्या डिकीची आठवण झाली. आपल्या गोव्यातही डिकी आणि कोपर ही हेल्मेट ठेवायची लोकप्रिय ठिकाणं आहेतच.)

जीव वाचला. उजवा हात थोडा लुळा राहिला. पण शब्द गेले. डॉक्टरांनी सांगितलं, अफेजिया. मराठीत वाचाघात म्हणतात. हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता आणि ठाऊक झाल्यावरही त्यानं घोळच केला, कारण वाचा गेली म्हणजे आवाज गेला, जीभ लुळी पडली असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू सांभाळते. तिथं इजा झाली, मग ती पक्षाघातानं असो की मारानं, की मनातली गोष्ट आणि तिचा शब्द यांच्यामधली वाट मोडते. काहींना समजतं पण बोलता येत नाही, काही घडाघडा बोलतात पण त्यातून अर्थ निघत नाही आणि समोरच्याचं बोलणंही त्यांना नीट उलगडत नाही. लिहिणं-वाचणंही बहुधा याच वाटेनं जातं. म्हणूनच "बोलता येत नाही तर लिहून द्या ना" हा आमच्या एका नातलगाचा सल्ला फुकट गेला. डोक्याला मार बसलेल्यांच्या बाबतीत आणखी एक भर असते. लवकर थकवा येतो, लक्ष टिकत नाही, चार माणसं एकदम बोलू लागली की सगळाच गोंगाट होतो. पण शहाणपण, माया, मान-अपमानाची जाणीव, उभ्या आयुष्याची ओळख ही शब्दांबरोबर वाहून जात नाहीत.

हे आम्हाला कळायला सहा महिने लागले. तोपर्यंत आम्ही त्या घराची शाळा करून टाकली होती, आणि शाळेतसुद्धा फक्त परीक्षा. सकाळी चमचा उचलून "हे काय?" दुपारी फोटो दाखवून "हा कोण?" संध्याकाळी कोणी भेटायला आलं की पुन्हा "ओळखलंत का?" भाच्यानं बाजारातून लहान मुलांचा तक्ता आणला, अ अननसाचा, आ आंब्याचा. तीस वर्षं कारखान्यातली यंत्रं ज्यांनी कानानं ओळखली, त्यांच्यासमोर आम्ही अननसावर बोट ठेवून उभे. भावोजींनी तक्ता हिसकावून भिंतीवर फेकला. घरात कुजबुज झाली, "स्वभाव बदलला हो, डोक्याला मार लागला ना!"

स्वभाव आमचा बदलला होता. ज्या माणसाला चाळीस वर्षं सगळे 'अहो-जाहो' करत आले, त्याच्याशी बघता बघता लोक एकेरीवर आले. "जेवायचं ना आता? आ कर. शाब्बास!" मराठीनं आपल्याला 'तुम्ही' दिलंय ते काय फक्त बोलणाऱ्यांसाठी? दुसरी गंमत म्हणजे आवाज चढतो. ऐकू येत नाही असं कोणीच म्हटलेलं नसतं, पण आपण ओरडायला लागतो. तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यांत वाईट, म्हणजे त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलणं. "रात्री झोपतात का?" हा प्रश्न ताईला, भावोजी मध्ये बसलेले असताना. ते एकदा ह्या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत. मीसुद्धा हे सगळं केलंय.

ब्रोका नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाची गोष्ट मी नंतर वाचली. 1861 साल, पॅरिसजवळचं बिसेत्र इस्पितळ. तिथं एकवीस वर्षं राहिलेला एक माणूस कशालाही 'तान, तान' एवढंच म्हणे. (आपल्या कानाला ही गवयाची तान वाटते, त्याला बिचाऱ्याला एवढाच एक सूर उरला होता.) सारं इस्पितळ त्याला 'तान' म्हणूनच ओळखे. ब्रोकानं त्याला विचारलं, इथं किती वर्षं झाली? त्यानं हाताची पाच बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवलं. बरोबर एकवीस. दुसऱ्या दिवशी ब्रोकानं तोच प्रश्न केला, तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आपली परीक्षा चाललीय हे त्या माणसानं ओळखलं आणि रागानं एक शिवी हासडली. रागावला की तेवढी शिवी त्याला अचूक येई. काही दिवसांतच तो वारला, ब्रोकानं मेंदू तपासला, डाव्या बाजूची जखम दाखवली आणि वैद्यकाच्या इतिहासात नाव कमावलं. तो मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवला गेला. मात्र तो माणूस लेबोर्न नावाच्या कुटुंबात कुठं जन्मला, कसा वाढला, हे एका पोलिश संशोधकानं शोधून काढून छापलं 2013 मध्ये. दीडशे वर्षं जग त्याला त्याच्या एका अक्षरानंच ओळखत होतं. ती तिसऱ्या वेळची शिवी वाचली आणि मला भिंतीवर आपटलेला अननसाचा तक्ता दिसला.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या गोंयकारांच्या घरात भाषेचा प्रश्न आल्याशिवाय कुठला समारंभ पार पडतो? भावोजींची घरातली बोली कोंकणी. शाळा मुक्तीनंतर गावोगावी निघाल्या त्यांपैकी, म्हणजे प्राथमिक शिक्षण मराठी. पत्रं, वर्तमानपत्र, देवाचं सगळं मराठीत. कारखान्यात इंग्रजी आणि हिंदी. रस्त्यावर, सोसायटीत, मासळीवालीशी गुजराती, आणि तीही चांगली फर्मास. अपघातानंतर साधारण दीड महिन्यानं 'छत्री'खेरीज पहिला शब्द फुटला, "ना!" गोव्याहून आलेल्या काकी आनंदल्या, "बघा, आपली भास पयली आयली!" शेजारचे काका म्हणाले, हे तर चोख गुजराती. दोघेही बरोबर. मराठीतलं 'नाही' मात्र लांब पडलं असावं, त्यामुळे आमच्या पक्षाला पहिल्या फेरीत भोपळा. पुढं एके दिवशी ताईच्या लक्षात आलं की, भावोजी सकाळी चालताना पुटपुटतात ते पाढे आहेत. बेचा, तिनाचा, सगळे मराठीत, न अडखळता. 'सात' म्हणा असं सांगितलं तर येत नसे, एकापासून सुरुवात केली की सातापर्यंत पोचत.

यावर विद्वानांत जुना वाद आहे. रिबो म्हणाला, आधी शिकलेली भाषा आधी परतते. 1895 मध्ये पित्र म्हणाला, नाही, जी जास्त वापरात होती ती आधी परतते. त्यानंतर इतक्या तऱ्हेचे रोगी पाहण्यात आले की ठोक नियम काही उरला नाही. एकाच माणसाच्या दोन भाषा दोन वेगळ्या वेगांनी सुधारू शकतात. पूर्वी काही ठिकाणी सांगत, घरात एकच भाषा बोला, रोग्याचा गोंधळ होतो. आम्हीही पंधरा दिवस सगळ्यांनी मराठीच बोलायचं असं ठरवून पाहिलं. ताई त्यांच्याशी चाळीस वर्षांत कधी मराठीत बोलली नव्हती. ती "तुम्हाला काय हवं आहे?" म्हणाली की भावोजी, घरात कोण परकी बाई आली, अशा नजरेनं बघत. तिनं तो नियम मोडून "कितें जाय?" विचारलं आणि त्यांनी बोट दाखवलं. ज्याची ज्या भाषेत सोयरीक होती त्यानं त्याच भाषेत बोलावं, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. मासळीवालीनं गुजरातीत भाव करावा, मी मराठीत पुस्तकांविषयी बोलावं, ताईनं कोंकणीत भांडावं. सुरतेत स्पीच थेरपी देणारी जी मुलगी आम्हाला लाभली ती गुजराती बोलणारी होती, पण पहिल्याच दिवशी तिनं ताईला विचारलं, "हे तुमच्याशी कुठल्या भाषेत भांडायचे?" हुशार पोर! म्हैसूरला 1965 मध्ये आणि वांद्र्याला 1983 मध्ये राष्ट्रीय संस्था झाल्या, तिथून आणि इतर महाविद्यालयांतून अशी मुलं शिकून निघतात. पण आपण त्यांच्याकडे जातो किती उशिरा! तेल चोळणारा आधी, नवस आधी, थेरपी शेवटी. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते, पुढं मंद होते. थांबतेच असं मात्र नाही. भावोजींना तिसऱ्या वर्षी नवे शब्द आले.

ताईनं जे केलं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. अपघाताला वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी भावोजी अस्वस्थ झाले. खिडकीपाशी जात, परत येत, "छत्री, छत्री" आणि हातानं वर छताकडे खूण. पंखा? ना. दिवा? ना. पाऊस? ना, ना! ताई रडकुंडीला आली. मग तिनं टीव्ही बंद केला, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. भावोजींनी पानं उलटली, आणि चतुर्थीवर बोट ठेवलं. मग डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या रेघांनी, मागच्या कोऱ्या जागेत एक चौकट काढली. चौकटीला खाली लोंबणारे गोळे, लांबट काहीतरी, पानं. माटोळी! गावच्या घरी गणपतीच्या वर माटोळी बांधायचं काम दरवर्षी त्यांचं. आधल्या वर्षी ते अंथरुणावर होते. यंदा कोण बांधणार, हा त्यांचा प्रश्न. जो माणूस कोणाला ओळखत नाही असं आम्ही ठरवलं होतं, तो सातशे-आठशे किलोमीटरवरच्या घराच्या छताची काळजी करत बसला होता.

त्या दिवसापासून घरात एक वही आली. तिच्यात माणसांचे फोटो, सुरतेचा आणि गोव्याचा नकाशा, मासळीची चित्रं, औषधं, पैशांचे आकडे, मोठ्या अक्षरांत मोजके शब्द. आणि कोरी पानं, ती सर्वांत महत्त्वाची. ताई एका वेळी एकच गोष्ट विचारी. 'हो' आणि 'ना' यांची त्यांच्याकडून अदलाबदल होई, म्हणून उत्तर मिळाल्यावर उलटं विचारून खात्री करी. "चहा नको, असंच ना?" आणि मुख्य म्हणजे ती थांबे. प्रश्न विचारून गप्प बसणं किती अवघड आहे ते करून बघा. आपल्या घरांत कोणाचं वाक्य पुरं होऊ देतात का? समोरचा श्वास घेतो न घेतो तोच आपण त्याच्या तोंडात शब्द कोंबतो. भावोजींचा एखादा शब्द यायला दहा-पंधरा सेकंद लागत, आणि नवव्या सेकंदाला कोणीतरी "पाणी हवंय त्यांना" म्हणून तो पाडून टाकी.

टोरांटोत 1979 मध्ये एका बाईनं, नवऱ्याला वाचाघात झाल्यावर, अशा माणसांसाठी केंद्र काढलं. पुढं तिथं ऑरा केगन या थेरपिस्टनं संवादाची एक रीत बसवली, ती शिकवायची असते घरच्यांना, मित्रांना, डॉक्टरांना. रोग्याला नव्हे. तिच्यातलं एक साधं वाक्य मला मोलाचं वाटतं, "तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे." शब्द सापडत नसला की हे म्हणायचं. मी ते मराठीत पहिल्यांदा भावोजींना म्हटलं तेव्हा त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मला माझीच लाज वाटली. वर्षभर मी त्यांना नेमकं उलटं सांगत आलो होतो.

2023 च्या चतुर्थीला त्यांना गावी आणलं. माटोळी पुतण्यांनी बांधली, भावोजी खुर्चीत बसून बोटानं हुकूम सोडत होते. कांगलां इकडे, नारळाची पेंड मध्ये, ती नव्हे, ती! मग आरती सुरू झाली आणि भावोजी गाऊ लागले. एकामागून एक आरत्या, सगळे शब्द स्पष्ट. घुमटवाल्या पोरांचे हात थांबायचे बाकी राहिले. आरती संपताच गर्दी झाली, "अरे, येतं की बोलता! एवढे दिवस काय मग?" आणि कोणीतरी विचारलंच, "ओळखलंत का मला?" भावोजींचा चेहरा पडला.

पाठ असलेलं, सुरात बांधलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं साठवलेलं असतं. म्हणून आरती येते, पाढे येतात, शिव्या येतात, आणि मुलाचं नाव येत नाही. याच वाटेचा उपयोग करून 1973 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी छोटी वाक्यं सुरावर म्हणायला लावण्याची पद्धत काढली. अमेरिकेच्या गॅबी गिफर्ड्स या लोकप्रतिनिधीच्या डोक्यात 2011 मध्ये गोळी घुसली, तिलाही गाण्यांनी शब्दांपर्यंत यायला हात दिला. पण त्यात लबाडी नसते, की हा माणूस मुद्दाम आपल्याशी बोलत नाही! हे गावच्या ओसरीवर समजावून सांगताना माझी बोबडी वळली.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांना 1990 मध्ये पक्षाघात झाला, बोलणं जवळजवळ गेलं. डाव्या हातानं ते पियानो वाजवत राहिले, पुढंही त्यांचे कवितासंग्रह आले, आणि 2011 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या एखाद्या शब्दावरून, नजरेवरून त्यांची पत्नी मोनिका त्यांचं म्हणणं लोकांना सांगे. आमच्या ताईला नोबेलवाले बोलावणार नाहीत. पण कोणाच्या वतीनं बोलणं आणि कोणाच्या ऐवजी बोलणं, यांतला फरक तिला कळला आहे. ती सांगून झालं की भावोजींकडे वळून विचारते, "बरोबर ना?" आणि ते कधी कधी "ना!" म्हणतात.

तिचं नुकसान मात्र कोणी विचारत नाही. एकदा ती म्हणाली, "चाळीस वर्षं ह्यांनी माझ्या आमटीला नावं ठेवली. आता मुकाट जेवतात. मला घास गिळत नाही." वाचाघात एकाला होतो, पण संवाद दोघांचा तुटतो. मागच्या वर्षी भावोजींनी ताट सरकवून "मीठ! मीठ ना!" असं टेबलावर हात आपटून सांगितलं, तेव्हा तिनं मला गोव्याला फोन केला. मुलगा पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा आवाज होता तिचा.

सुरतेला गेलो की मी आमलीरानला एक चक्कर टाकतो. तिथं नर्मदचं घर आहे. या माणसानं गुजरातीचा कोश केला, 1873 मध्ये पुरा केला. मराठीचं व्याकरण लिहिणारे आपले दादोबा पांडुरंगही या शहरात होते, 1844 मध्ये मानवधर्म सभा त्यांनी इथंच काढली. एकानं शब्द गोळा केले, एकानं त्यांचे नियम बांधले. भावोजींकडे यांतलं फारसं काही उरलेलं नाही, आणि तरी गेल्या दोन वर्षांत माझ्या त्यांच्याशी जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या आधीच्या तीस वर्षांत झाल्या नव्हत्या. आधी आम्ही हवापाणी आणि मासळीचे भाव यांपलीकडे कुठं जायचो?

2025 च्या जुलैत पुन्हा गेलो होतो. आता भावोजींकडे बरेच शब्द आहेत, छोटी वाक्यंही. 'छत्री' फक्त थकले की येते. निघायच्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभा, रिक्षा खाली, आणि भावोजी म्हणाले, "छत्री." थकले असतील, म्हणून मी शिकल्याप्रमाणे सगळं केलं. बॅग खाली ठेवली, समोर बसलो, वही उघडली. तिकिटाचं काही? ना. पैसे? ना. ताईविषयी? ना. गावी काही निरोप? ना! "छत्री," ते पुन्हा म्हणाले, जरा जोरात. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. फोनवर शोधू आपण." त्यांनी कपाळावर हात मारला.

रिक्षा तापीच्या पुलावर आली आणि असा पाऊस कोसळला की समोरचं दिसेना. फोन वाजला. ताई होती, पण हसण्यानं तिला बोलताच येईना. मागून भावोजींचा आवाज आला, खणखणीत, "छत्री!"